हातातल्या बॅगेची बांधाबांध: द्रव पदार्थ, फराळ, औषधे आणि पॉवर बँक यांचे विमानतळावरील नियम

मुंबईहून लंडन, दुबई किंवा न्यूयॉर्कला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांच्या सामानात कपड्यांइतकेच खाण्याचे डबे असतात, आणि सुरक्षा तपासणीत अडचण येते ती बहुधा त्या डब्यांमुळेच. घरच्या तुपाची बरणी किंवा वर्षभर मुरलेले लोणचे तपासणी यंत्राच्या पलीकडे बाजूला काढून ठेवले जाते, त्या वेळी मागे रांग वाढत असते आणि काय चुकले हे शांतपणे समजावून सांगायला कुणालाच सवड नसते. नियम खरे तर फार अवघड नाहीत. ते निरनिराळ्या कारणांसाठी निरनिराळ्या यंत्रणांनी केलेले आहेत आणि आपण ते एकाच यादीसारखे पाठ करू पाहतो, म्हणून गोंधळ होतो. कारण कळले की कोणत्याही यादीत नसलेल्या वस्तूबद्दलसुद्धा घरी बसून निर्णय घेता येतो. म्हणूनच पुढे शक्य तेथे नियमाबरोबर त्याचे कारणही दिले आहे.

एका वस्तूबद्दल तीन प्रश्न

पहिला प्रश्न सुरक्षेचा असतो. या वस्तूने विमानात कुणाला इजा करता येईल का, किंवा तिच्या रूपात स्फोटक आत आणता येईल का, हे त्यात पाहिले जाते. भारतात हे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस, ठरवते आणि मुंबईसह बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. दुसरा प्रश्न आगीचा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या धोकादायक मालासंबंधीच्या सूचनांवर हे नियम आधारलेले असून ते हातातल्या बॅगेला आणि काउंटरवर सोडलेल्या सामानाला, म्हणजे चेक-इन सामानाला, दोन्हींना लागू होतात. तिसरा प्रश्न आयातीचा. उतरल्यावर त्या देशाचे सीमाशुल्क आणि कृषी अधिकारी तो विचारतात आणि त्याचा विमानाच्या सुरक्षेशी काहीही संबंध नसतो.

मुंबईच्या तपासणीतून पेढ्यांचा डबा सहज सुटतो, पण म्हणून तो लंडनमध्ये नेणे कायदेशीर ठरत नाही. आणि चाकू हातात नेता येत नाही म्हणून चेक-इन सामानातही तो चालणार नाही, असेही नाही. बॅगेत वस्तू ठेवण्यापूर्वी हे तीन प्रश्न क्रमाने विचारण्याची सवय लावली, तर निम्मे काम तेथेच होते.

पहिली पायरी: तिकिटावरचा मार्ग नीट पाहावा

बांधाबांध सुरू करण्यापूर्वी तिकीट समोर घ्यावे आणि विमान कोठे बदलायचे आहे ते पाहावे. सुरक्षा तपासणी एकदाच होईल, असे गृहीत धरू नये. पुण्याहून दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्याची पुण्यात एकदा आणि दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमानात बसण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासणी होते. भारतातून फ्रँकफर्टमार्गे पुढे जाणाऱ्याला तेथे पुन्हा यंत्रासमोर उभे राहावे लागते. देशांतर्गत विमानात पाण्याची भरलेली बाटली साधारणपणे नेऊ देतात. तीच बाटली आंतरराष्ट्रीय तपासणीच्या रांगेत काढून टाकावी लागते. म्हणून संपूर्ण प्रवासात जेथे नियम सर्वांत कडक असेल, त्या ठिकाणाप्रमाणे बॅग भरावी. यात थोडी गैरसोय होते, पण मधल्या विमानतळावर चेक-इन सामान हाताशी नसते आणि अडलेली वस्तू टाकून देण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही, हे लक्षात घेतले तर ती सोसण्यासारखी आहे.

अलीकडे या बाबतीत देशोदेशी फरक पडू लागला आहे. नवी त्रिमितीय स्कॅनर यंत्रे बसवल्यावर एडिंबरा आणि बर्मिंगहॅम या विमानतळांनी जुलै २०२५ पासून द्रव पदार्थांची मर्यादा दोन लिटरपर्यंत वाढवली. ही सवलत मात्र तेथून निघणाऱ्यांसाठी आहे. मुंबईहून तेथे जाणाऱ्याला तिचा काहीही उपयोग नाही. परतीच्या वाटेवर ती उपयोगी पडेल असे वाटत असेल, तर मध्ये कोठे विमान बदलायचे आहे हे आधी पाहावे, कारण तेथे जुनी १०० मिलिलिटरची मर्यादा असू शकते.

दुसरी पायरी: द्रव पदार्थ कशाला म्हणायचे ते समजून घ्यावे

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. हीथ्रोहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणारी अनेक विमाने शीतपेयांच्या बाटल्यांत भरलेल्या द्रव स्फोटकांनी उडवून देण्याचा तो बेत होता. हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित असे मिश्रण त्या काळच्या क्ष-किरण यंत्रावर पाण्यापेक्षा किंवा सरबतापेक्षा वेगळे ओळखणे कठीण होते. लगेच हातातल्या सामानातील जवळजवळ सर्व द्रवांवर बंदी आली आणि काही आठवड्यांनी ती सैल करून आजचा नियम ठरला. प्रत्येक बाटली, बरणी किंवा ट्यूब जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची असावी, आणि अशा सर्व वस्तू मिळून एक लिटरच्या, पारदर्शक, पुन्हा बंद करता येणाऱ्या एकाच पिशवीत मावाव्यात. ही पिशवी साधारण २० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. एका प्रवाशाला एकच पिशवी मिळते.

या नियमातला सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग असा की मोजमाप भांड्याचे होते, आतल्या पदार्थाचे नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी उरलेले चमचाभर खोबरेल तेलही अडवले जाते, कारण तपासणी करणाऱ्याला आत किती आहे ते मोजत बसायचे नसते. तो बाटलीवर छापलेला आकडा पाहतो. छापलेला आकडाच नसेल, तर निर्णय त्याच्या अंदाजावर अवलंबून राहतो. म्हणून घरातल्या जुन्या बाटल्या वापरण्याऐवजी प्रवासासाठी मिळणाऱ्या, १०० मिलिलिटर असे स्पष्ट छापलेल्या छोट्या बाटल्या विकत घेणे हिताचे आहे. पारदर्शक पिशवी मुंबईत कुणी मागितली नाही, तरी फ्रँकफर्टला मागतील, म्हणून ती घरूनच भरून न्यावी.

आता खाण्याच्या पदार्थांकडे वळू, कारण मराठी घरात खरा प्रश्न तेथेच आहे. नियमाच्या भाषेत द्रव, जेल आणि फवारे हे तिन्ही एकाच गटात मोडतात. घरी ओळखायची खूण सोपी आहे. जो पदार्थ ओतता येतो, पसरवता येतो, पिळून काढता येतो किंवा भांड्याच्या आकाराप्रमाणे बसतो, तो द्रव समजावा. तूप थंडीत घट्ट गोठलेले असले तरी ते जेलच आहे. श्रीखंड, आमरस, बासुंदी, काकवी, मध, गुलकंद, च्यवनप्राश, मुरांबा, साखरांबा, ओली चटणी, शेंगदाण्याचे लोणी हे सर्व याच गटात येतात. लोणच्यात फोडी असल्या तरी त्या तेलात आणि खारात बुडालेल्या असतात, त्यामुळे लोणच्याची बरणी हातात नेण्याचा आग्रह धरूच नये. दात घासण्याची पेस्ट, चेहऱ्याचे क्रीम, काजळाची ओली पेन्सिल, दाढीचा फेस, अत्तर हेही पिशवीतच जातात.

याउलट चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, रव्याचे किंवा बेसनाचे लाडू, चिक्की, गुळाची ढेप, खाकरा, पोळ्या, पुरणपोळ्या हे घन पदार्थ आहेत आणि १०० मिलिलिटरची मर्यादा त्यांना लागू होत नाही. ते हातात नेता येतात, फक्त एक काळजी घ्यावी. दाट, ठासून भरलेले डबे क्ष-किरण प्रतिमेत एकसंध गडद ठोकळ्यासारखे दिसतात आणि त्यामुळे बॅग उघडली जाते. लाडूंचा डबा बॅगेच्या तळाशी, चार्जरच्या वायरींखाली न ठेवता वरच ठेवावा, म्हणजे मागितल्यावर चटकन काढता येतो आणि सगळे कपडे रांगेसमोर उपसावे लागत नाहीत.

मसाले आणि पिठे यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. लाल तिखट डोळ्यांत फेकून इजा करता येते, या कारणाने ते भारतात हातातल्या सामानात चालत नाही. मिरपूडही त्याच न्यायाने अडते. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी जून २०१८ पासून आणखी एक नियम आहे. ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक, म्हणजे साधारण शीतपेयाच्या एका कॅनएवढी, पूड हातात असेल तर तिची जादा तपासणी होते आणि ती काय आहे याची खात्री पटली नाही, तर ती विमानात नेऊ देत नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सत्तू हे सगळे पूड या सदरात येतात. माझे स्पष्ट मत असे की कोणतीही पूड हातात नेऊच नये. चेक-इन सामानात, दुहेरी पिशवीत, वर नाव लिहून ठेवावी.

खोबरे, कापूर आणि देवघरातले सामान

या वस्तू अडवल्या की लोकांना सर्वाधिक आश्चर्य वाटते, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

सुके खोबरे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात त्याला यूएन १३६३ हा क्रमांक दिलेला आहे. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण खूप असते. ते तेल हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावते, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि माल दाटीवाटीने भरलेला असेल तर ती उष्णता बाहेर पडू न शकल्याने साठत जाते. जहाजांच्या आणि गोदामांच्या व्यवहारात हा धोका फार जुना आहे. घरच्या चार वाट्यांनी आग लागणे दुर्मीळ असले, तरी विमानाच्या पोटात आग लागलीच तर तेथे माणूस पोहोचू शकत नाही, म्हणून नियम प्रमाणाकडे पाहत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या आणि चेक-इन अशा दोन्ही सामानांत टाळाव्यात. खोबरे भाजून घालून तयार केलेला मसाला न्यावा, किंवा किसलेले खोबरे तेथील भारतीय दुकानातून घ्यावे.

सोललेला वा न सोललेला नारळही हातातल्या सामानात चालत नाही. केरळमधील शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेण्याच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ विमानात जवळ ठेवता यावा, यासाठी यात्रेच्या हंगामापुरती खास सवलत द्यावी लागली, आणि ती देताना जानेवारी २०२५ मधील अखेरची तारीखही जाहीर करावी लागली, यावरून मूळ नियम किती पक्का आहे ते कळेल. ओटीतला नारळ प्रवाशाच्या हाती देण्याची आपल्याकडे रीत आहे. ओटी घरीच भरावी आणि नारळ घरीच ठेवावा.

कापूर हा सहज पेटणारा घन पदार्थ म्हणून वर्गीकृत आहे आणि तो कोणत्याही सामानात नेता येत नाही. काडेपेटी आणि लायटर यांनाही भारतातील विमानतळांवर दोन्ही सामानांत मनाई आहे. काही देशांत एक लायटर खिशात ठेवू देतात, पण तो नियम येथे लागू नाही. निरांजनाचे तूप, दिव्याचे तेल आणि गंगाजल यांना द्रवाचा नियम लागतो. पितळी समई, घंटा, ताम्हन यांवर बंदी नाही, मात्र समईसारखी जड आणि टोकदार वस्तू मारण्यासाठी वापरता येईल अशी असल्याने ती चेक-इन सामानातच जावी. लाटणे, खलबत्ता, अडकित्ता, विळी, सुरी, कात्री, सालकाढणी यांनाही हाच न्याय लावावा. प्रेशर कुकर नेणारच असाल तर झाकण, शिट्टी आणि रिंग वेगळी काढून तो चेक-इन सामानात ठेवावा, कारण बंद कुकर यंत्रावर संशयास्पद दिसतो आणि तपासणीसाठी सगळी बॅग उघडावी लागते.

तिसरी पायरी: पॉवर बँक आणि बॅटऱ्या नेमक्या हातातच ठेवाव्यात

येथे नियम उलटा होतो. द्रव आणि धारदार वस्तू हातातून चेक-इन सामानात जातात. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र चेक-इन सामानातून हातात याव्या लागतात. लिथियम बॅटरी आतून बिघडली की ती स्वतःच तापत जाते, त्या उष्णतेने शेजारचा कोष पेटतो आणि आग झपाट्याने वाढते. केबिनमध्ये असे झाले तर कर्मचारी ती लगेच पाहू शकतात आणि पाणी ओतून थंड करू शकतात. पोटातल्या सामानात झाले तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणापूर्वीच एअर बुसानचे एक विमान आगीत जळाले आणि तपासात पॉवर बँकेवर संशय व्यक्त झाला. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी नियम कडक केले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येकी एकच, १०० वॅट-अवरपेक्षा (वॅट-अवर हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) कमी क्षमतेची पॉवर बँक नेण्यास परवानगी ठेवली, पण तिचा वापर बंद केला.

सर्वसाधारण नियम असा आहे: १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० वॅट-अवरच्या दरम्यान असेल तर विमान कंपनीची आधी संमती लागते आणि अशा जास्तीत जास्त दोनच नेता येतात, आणि १६० च्या वर असेल तर ती प्रवाशाला नेताच येत नाही. पॉवर बँकेवर बहुधा मिलिअँपिअर-अवर, म्हणजे एमएएच, हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्याला १००० ने भागून ३.७ व्होल्टने गुणले की वॅट-अवर मिळतात. त्यानुसार १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-अवर, २०,००० म्हणजे ७४, आणि २७,००० म्हणजे जेमतेम शंभराच्या आत. ३०,००० ची पॉवर बँक १११ वॅट-अवरची होते, म्हणून ती परवानगीशिवाय नेता येत नाही. वर्षानुवर्षे वापरून अक्षरे पुसली गेलेली पॉवर बँक प्रवासाला नेऊ नये. आकडा वाचता येत नसेल, तर तपासणी करणाऱ्याला ती अडवण्यापलीकडे पर्याय राहत नाही. फुगलेली असेल, तर ती घरीही वापरू नये.

कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या वेगवेगळ्या छोट्या पिशव्यांत ठेवाव्यात किंवा त्यांच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे किल्ल्या वा नाण्यांचा स्पर्श होऊन ठिणगी पडणार नाही. बॅटरी बसवलेली चाकांची बॅग असेल तर ती बॅटरी काढता येते की नाही ते खरेदीपूर्वीच पाहावे, कारण बॅग चेक-इन करायची झाल्यास बॅटरी काढून हातात घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक सिगारेट भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. ती सामानात असूच नये.

आणखी एक प्रसंग नेहमी घडतो. विमान भरलेले असले की दाराशी उभे असलेले कर्मचारी चाकांच्या हातबॅगा घेऊन पोटातल्या सामानात टाकतात. त्या क्षणी गडबडीत बॅग देऊन टाकली जाते, आणि आत पॉवर बँक, औषधे व दागिने तसेच राहतात. यासाठी या तीन गोष्टी पहिल्यापासूनच एका छोट्या कापडी पिशवीत एकत्र ठेवाव्यात, म्हणजे बॅग देताना ती पिशवी तेवढी उचलून घेता येते.

चौथी पायरी: औषधे, बाळाचे अन्न आणि शरीरातील उपकरणे

औषधांना १०० मिलिलिटरच्या नियमातून सवलत आहे, परंतु ती मागावी लागते आणि तिच्यासाठी कागद लागतो. खोकल्याचे औषध, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, इन्हेलर हे प्रवासाला आणि उशीर झाल्यास लागतील एवढे हातात ठेवावे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह आणि रुग्णाचे नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलेली असावी. गोळ्या आठवड्याच्या डब्यांत सुट्या भरून नेण्यापेक्षा मूळ पाकिटात न्याव्यात. द्रव औषधे त्या पारदर्शक पिशवीत न कोंबता वेगळी ठेवावीत आणि ट्रेमध्ये ठेवताना स्वतःहून सांगावे.

इन्सुलिन चेक-इन सामानात कधीही टाकू नये. तेथील थंडीत ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरण्यायोग्य राहत नाही. शिवाय बॅग हरवली तर परक्या गावी पहिल्याच दिवशी औषध नाही, अशी स्थिती होते. इन्सुलिनच्या सुया चिठ्ठीसह हातात नेता येतात. पाऱ्याचा तापमापक मात्र हातात चालत नाही. तो संरक्षक खोक्यात घालून चेक-इन सामानात प्रत्येकी एकच नेता येतो. पारा ॲल्युमिनियमला खातो आणि विमानाचा सांगाडा बव्हंशी ॲल्युमिनियमचा असतो, हे त्याचे कारण. रक्तदाब मोजण्याचे जुने, पाऱ्याचे उपकरण घरीच ठेवून डिजिटल उपकरण न्यावे.

लहान मूल बरोबर असेल तर दूध, पाणी आणि पातळ खिमट प्रवासापुरते नेऊ देतात. तेथेही ते वेगळे काढून दाखवावे. काही ठिकाणी बाटली उघडून तपासतात.

पेसमेकर असलेल्यांनी तपासणीच्या दाराकडे जाण्यापूर्वीच तसे सांगावे आणि उपकरणाचे ओळखपत्र दाखवावे. त्यांची हाताने तपासणी केली जाते. गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर यंत्र वाजणारच, त्याने घाबरून जाऊ नये. भारतात स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्त्री जवानच करते. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या सहसा काढायला लावत नाहीत, आणि सांगितल्याशिवाय त्या काढून उघड्या ट्रेमध्ये ठेवू नयेत. मागितल्यासच पर्समध्ये घालून चेन लावावी. चाकांची खुर्ची मागितलेल्या प्रवाशांचीही तपासणी होतेच. तिच्यासाठी वेळ जास्त लागतो, एवढे धरून चालावे.

पाचवी पायरी: चेक-इन सामानात द्रव भरताना

हातातून काढलेले तूप, लोणचे आणि अत्तर चेक-इन सामानात गेले की प्रश्न मिटला असे नाही. खाद्य द्रवांना तेथे प्रमाणाची मर्यादा नाही, मात्र ती बॅग फेकली जाते आणि इतर बॅगांखाली दबते, हे लक्षात घेऊन काचेच्या बरणीऐवजी घट्ट झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा वापरावा, वरपर्यंत न भरता थोडी जागा रिकामी ठेवावी, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवावा, आणि संपूर्ण डबा दोन पिशव्यांत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवावा. अत्तर, केसांचा फवारा, नखांचा रंग यांना आगीचा नियम लागतो: एक वस्तू अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नसावी आणि अशा सगळ्या मिळून दोन लिटरपेक्षा अधिक नसाव्यात. मद्यात अल्कोहोल २४ ते ७० टक्के असेल तर बंद बाटल्यांत एका प्रवाशाला एकूण पाच लिटरपर्यंत चालते. ७० टक्क्यांच्या वर असेल तर अजिबात चालत नाही. मिरचीचा फवारा दोन्ही सामानांत टाळावा.

प्रवासाच्या दिवशी

आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे. रिकामी बाटली जवळ ठेवावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी. सोप्या बुटांचा आणि कमी धातूचा पेहराव करावा. रांगेत शिरण्यापूर्वी खिशातले सगळे बॅगेच्या कप्प्यात टाकावे, म्हणजे ट्रेमध्ये सुटी नाणी आणि चाव्या राहत नाहीत. लॅपटॉप, टॅबलेट, मोबाइल, पॉवर बँक आणि चार्जर ट्रेमध्ये वेगळे ठेवावेत; द्रवांची पिशवी त्यांच्यावर ठेवावी. स्वतः दारातून जाण्यापूर्वी आपला ट्रे यंत्रात शिरलेला पाहावा. पलीकडे गेल्यावर प्रथम पासपोर्ट आणि बोर्डिंग पास, मग मोबाइल, मग बाकीचे, असा क्रम ठेवला तर काही मागे राहत नाही.

एखादी वस्तू अडलीच, तर वाद घालू नये. वस्तू नेऊ द्यायची की नाही, याचा अंतिम निर्णय तेथील अधिकाऱ्याचा असतो आणि यादीत चालणारी वस्तूही तो अडवू शकतो. वेळ हाताशी असेल तर काउंटरवर परत जाऊन ती वस्तू चेक-इन सामानात देता येते का, ते विमान कंपनीला विचारावे. त्याचे वेगळे शुल्क पडू शकते. हे करण्याइतकी ती वस्तू मोलाची आहे का, हे त्या क्षणी ठरवणे कठीण जाते, म्हणून मौल्यवान भांडी किंवा आईच्या हातची शेवटची बरणी हातातल्या बॅगेत ठेवण्याचा धोका पत्करूच नये.

तपासणीनंतरची खरेदी

ड्यूटी-फ्री दुकानातील बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी असली तरी विमानात नेता येते, कारण ती तपासणीच्या आतल्या बाजूला विकली जाते. पुढे विमान बदलायचे असेल तर दुकानदाराला तसे सांगावे. तो बाटली लाल काठाच्या, उघडल्यास लगेच कळेल अशा पिशवीत घालून पावतीसह मोहोरबंद करतो. शेवटच्या मुक्कामापर्यंत ही पिशवी उघडू नये. अमेरिकेत जाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: पहिल्या अमेरिकी विमानतळावर उतरल्यावर चेक-इन सामान स्वतः ताब्यात घेऊन सीमाशुल्कातून जावे लागते आणि पुढच्या विमानासाठी ते पुन्हा सोडावे लागते. त्या मधल्या वेळात बाटली मोठ्या बॅगेत घालून टाकावी, म्हणजे पुढच्या तपासणीत प्रश्नच येत नाही.

उतरल्यावर विचारला जाणारा प्रश्न

दिवाळीचा फराळ दुबईला नेताना अनारशांवरची खसखस आणि करंजीच्या सारणातली खसखस कुणाच्या लक्षातही येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि तिच्यासाठी अटकही होऊ शकते. सिंगापूर आणि सौदी अरेबियातही तिला मनाई आहे. या देशांसाठीचा फराळ खसखशीशिवायच करावा. अमिरातीत कोडीन, ट्रामाडोल यांसारख्या घटकांची औषधे नेण्यास तेथील सरकारची पूर्वपरवानगी लागते, म्हणून खोकल्याच्या आणि वेदनेच्या औषधांची पाकिटे नीट वाचावीत.

ब्रिटन आणि युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या वापरासाठीही आणू देत नाहीत. पेढे, खवा, तूप, पनीर यांत येतात. जनावरांचे रोग पसरू नयेत, यासाठी हा नियम आहे. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांचा नाश करणारा रोग पसरवणारी कीड त्यावर जगते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत खाण्याचे पदार्थ आहेत असे अर्जावर किंवा अधिकाऱ्यासमोर सांगणे बंधनकारक आहे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेल्या वस्तूसाठी दंड होतो.

परदेशातून भारतात येणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. तिकडे डोंगरात भटकताना सर्रास वापरले जाणारे उपग्रह संदेश उपकरण किंवा उपग्रह फोन परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, आणि गोव्यासारख्या ठिकाणी विमानतळावर त्यासाठी परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतले गेले आहे. सह्याद्रीत भटकायला येणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वीच ते उपकरण घरी ठेवून यायला सांगावे.